सलूनसाठी जपानी कैची, बजेट १५ ते ३० हजार. कोणती घ्यावी? आणि खान्देशात तिला धार कोण लावतं?

अमळनेरची_ताई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

पुण्यात चार वर्षं एका सलूनमध्ये काम केलं, मागच्या दिवाळीपासून अमळनेरला स्वतःचं छोटं सलून टाकलंय. बायकांचं काम जास्त, लेयर, स्टेप, बॉब वगैरे, पुरुष गिऱ्हाईकही येतं पण त्यांचं निम्मं काम मशीनवरच होतं. आत्तापर्यंत साडेतीन हजाराच्या एका कैचीवर भागवलं (कात्री म्हटलं की मला शिंप्याची आठवते, म्हणून कैचीच म्हणते). तिच्यावर 'जपान स्टील' कोरलेलं आहे पण ती कुठं बनली ते देवालाच ठाऊक. सहा महिने बरी चालली, आता टोकाशी केस चावते, म्हणजे कापत नाही, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून घेते आणि गिऱ्हाईक 'आई गं' म्हणतं. स्लाइड कट (उघडी कैची केसावरून घसरवत कापणं) तर बंदच केलाय मी.

दुसरं म्हणजे लग्नसराईत दिवसाला बारा-पंधरा कट झाले की संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका लागतो की भाकरी थापवत नाही. डॉक्टर म्हणाले हाताला आराम द्या. आराम दिला तर दुकानाचं भाडं कोण देणार!

तर आता एकदाच चांगली घ्यायची म्हणते. पन्नास-साठ हजारवाल्या माझ्या आवाक्यात नाहीत. नेटवर बघितलं तर ४४०सी, व्हीजी-१०, कोबाल्ट, दमास्कस असले शब्द वाचून डोकं फिरलं. कुणी वापरलेली असेल तर अनुभव सांगा. साइज ५.५ घेऊ की ६? आणि इकडे धार लावून देणारं कोणी खात्रीचं आहे का?

धुळेकर_भो

काय भो, कैचीना धागा! आमना नाना एकच कैचीवर तीस वरीस काढी ग्यात. लिंबाच्या झाडाखाली खुर्ची, आरसा खोडाला टांगलेला, अन् मेरठची कैची. धार गेली की दगडावर दोन हात फिरवायचे, झालं. तीस हजारात माझी पहिली मोटरसायकल आली होती ताई.

मास्तर_जळगाव

धुळेकर, नानांना नमस्कार, माझे वडील पण त्याच लाइनीतले. मेरठच्या कैचीला नावं ठेवायची नाहीत, साडेतीनशे वर्षांचा धंदा आहे तो आणि २०१३ साली तिला जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या खास मालाची सरकारी ओळखही मिळालीय. पण नाना काय कापायचे? कंगव्यावर केस उचलायचे आणि कापायचे, नाहीतर मागं सरळ रेघ. त्याला केस पकडून ठेवणारी धार लागते. ताईंना कैची अर्धवट उघडी ठेवून केसावरून घसरवत न्यायची आहे, तिथं केस पकडणारी धार घेतली की केस ओढला जातो. कामच वेगळं आहे.

ताई, बावीस वर्षं झाली मला या धंद्यात, सात-आठ कैच्या वापरून झाल्या, दोन स्वतःच्या हाताने वाटोळं करून झाल्या. जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, 'जपान स्टील' आणि 'मेड इन जपान' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जपानहून पोलाद जातं चीनला, पाकिस्तानात सियालकोटला, तिथं कैच्या बनतात, त्यातल्या काही खरंच बऱ्या असतात, पण नुसता 'जपान' शब्द वाचून पैसे टाकायचे नाहीत. पोलादाचा ग्रेड विचारायचा. दुकानदार 'एकदम टॉप स्टील आहे मॅडम' एवढंच म्हणाला की नमस्कार करून बाहेर पडायचं. ग्रेड सांगितला तरी कंपनीचं नाव, बिल आणि सर्व्हिस कुठं होते ते विचारायचं, कारण पात्यावर व्हीजी-१० कोरायला पाच रुपये पण लागत नाहीत.

दुसरं, धारेचा प्रकार. स्वस्त कैचीला बाहेरून सपाट उतार दिलेला असतो, बऱ्याचदा एका पात्याला बारीक दातेही असतात, त्याने केस घसरत नाही. सरळ कटला, शिकाऊ पोरांना उत्तम. चांगल्या जपानी कैचीला बाहेरची बाजू फुगीर असते आणि ती फुगवटी वळत वळत थेट धारेपर्यंत येते. जपानीत हामागुरी म्हणतात, म्हणजे शिंपला. तापीच्या वाळूत शिंपले सापडतात ना, त्याची पाठ कशी असते, तशी. आतली बाजू मात्र पोकळ घासलेली असते, त्यामुळे दोन पाती पूर्ण अंगाने एकमेकांना घासत नाहीत, फक्त कडेच्या बारीक पट्टीवर टेकतात. म्हणून ती बंद होताना आवाज जवळजवळ येत नाही आणि हाताला जोर लागत नाही. तुमच्या ठणक्याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं मुठीत आहे, ते नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलं.

केळीवाला_रावेर

माझा या विषयाशी काडीचा संबंध नाही, मी केळी पिकवतो. पण शिंपल्याचं वाचून मजा आली. चालू द्या.

धातुवेडा

मी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवर, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करायच्या कामावर आहे, केस कापता येत नाहीत पण पोलादाचं थोडं सांगू शकतो.

४४०सी हे मूळ अमेरिकन नाव. साधारण एक टक्का कार्बन, सोळा ते अठरा टक्के क्रोमियम. नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेलं असलं तर कडकपणा रॉकवेलवर (कडकपणा मोजायचं माप) ५८ ते ६० पर्यंत येतो. जुनं, खात्रीचं, गंज कमी धरतं. व्हीजी-१० बनवते ताकेफू स्पेशल स्टील ही फुकुई प्रांतातली कंपनी, त्यात कार्बन साधारण एक टक्का, क्रोमियम पंधराच्या आसपास आणि दीड टक्का कोबाल्ट. हे ६० ते ६१ पर्यंत जातं. एटीएस-३१४ पण कोबाल्टवालं, हिताची मेटल्सचं, २०२३ पासून त्या कंपनीचं नाव प्रोटेरिअल झालंय. जाहिरातीत 'कोबाल्ट कैची' म्हणतात म्हणून कोणी अख्खी कोबाल्टची समजू नका, चिमूटभर असतं.

कडकपणा जास्त तेवढी धार जास्त दिवस टिकते, पण तेवढीच ती ठिसूळ. फरशीवर पडली तर मऊ कैची वाकते, कडक कैचीच्या टोकाचा टवका उडतो.

आणि नुसत्या ग्रेडवर जाऊ नका. कळण्याचं पीठ दोन घरी एकाच गिरणीतून येतं, तरी एकीची भाकरी फुगते आणि दुसरीची चिवट होते. पोलादाचं तसंच, किती तापवलं, कसं थंड केलं, नंतर किती वेळ मुरवलं यावर सगळं. नीट केलेली ४४०सी ही घाईत केलेल्या व्हीजी-१० पेक्षा केव्हाही चांगली.

दमास्कसची नक्षी छान दिसते, पण कापते ती मधली धार. नक्षीचे पैसे हौसेचे. रंगीत टायटॅनियमचंही तेच, तो वरचा मुलामा. फक्त निकेलची ॲलर्जी असेल आणि मुलामा मुठीवरही असेल तर उपयोग होऊ शकतो.

पिंपळनेर_पक्षी

पीठ गिरणीतून येतं पण कळण्यात उडीद किती घातले त्यावर असतं ना भाकरी 😄 बाकी उत्तम प्रतिसाद.

धातुवेडा

@पिंपळनेर_पक्षी, उडीद म्हणजेच कोबाल्ट समजा.

चाळीसगाव_सलून

ताई, मी माझी रडकथा सांगतो, तुमचे पैसे तरी वाचतील.

दोन वर्षांपूर्वी अशीच हौस केली, सव्वीस हजाराची घेतली, ५.५ इंची. काय चालायची म्हणून सांगू, ओल्या केसातून अशी जायची की गिऱ्हाईकाला वाटायचं मी नुसता कंगवाच फिरवतोय. सात-आठ महिन्यांनी धार थोडी उतरली. आमच्या गल्लीत एक धारवाला येतो, विळे, सुऱ्या, मिक्सरची पाती, सगळं करतो, माणूस प्रामाणिक आहे, त्याचा दोष नाही, माझीच अक्कल गहाण पडली होती. त्याला दिली. त्याने मोटरच्या चाकावर धरली, ठिणग्या उडाल्या, मला वाटलं वा काय धार लागतेय. पाच मिनिटांत पन्नास रुपये घेऊन परत. घरी येऊन बघतो तर टोकाशी पातं निळसर झालेलं आणि ती शिंपल्याची पाठ गायब, सपाट उतार. त्या दिवशी कापली, दुसऱ्या दिवशी बोथट.

मग मुंबईला एका सर्व्हिसवाल्याकडे कुरिअर केली, तो म्हणाला टोकाचं पाणी उतरलंय, अर्धा सेंटीमीटर काढून टाकावं लागेल, तरी पहिल्यासारखी होणार नाही. आता ती कैची दुकानात देवीच्या फोटोखाली ठेवलीय. पोरांना दाखवायला.

मास्तर_जळगाव

मी वर म्हटलं ना दोन कैच्यांचं वाटोळं केलं, त्यातली एक अशीच गेली. पातं निळं पडलं की समजायचं, आग लागली आणि पोलाद मऊ झालं.

म्हणून माझं एकच सांगणं असतं, धार कोण लावणार ते आधी ठरवा, कैची नंतर. पुण्या-मुंबईच्या पोरांना हा प्रश्न पडत नाही, एजंट दुकानात येऊन घेऊन जातो. आपल्याकडे जळगावपासून नंदुरबारपर्यंत फुगीर धार हाताने लावणारा सापडणं म्हणजे मे महिन्यात भुसावळला गारवा सापडण्यासारखं. तुमच्या ३० हजारांतले पाच-सहा आधीच बाजूला काढा, त्यात वर्षाची धार, कुरिअर आणि मुख्य म्हणजे कैची धारेला गेली की आठ-दहा दिवस चालवायला दुसरी बरी कैची. एकाच कैचीवर तीस हजार घालून लग्नसराईत ती कुरिअरमध्ये अडकली तर काय करणार? मी भोगलंय हे, आखाजीच्या आठवड्यात.

म्हणजे मुख्य कैचीला वीस-बावीस हजार. या पैशात जपानमध्येच बनलेली, नावाची कंपनी, साधी मूठ, साधा स्क्रू अशी मिळते, फक्त डिझाइनचा हट्ट सोडायचा. जोवेल बघा, तोकोशा कंपनीची, १९१७ पासूनचे लोक आहेत. यासाका बघा, नारा शहरातली, ती एटीएस-३१४ वापरते. काशो ही काई ग्रुपची, ते सेकीचे, १९०८ पासून. या तिघांच्या खालच्या-मधल्या रेंजमध्ये तुमचं काम होईल. मिझुतानीच्या वाटेला सध्या जाऊ नका, टोकियोची १९२१ ची कंपनी, माल सोन्यासारखा पण भावही तसाच.

इतिहासप्रेमी_शिरपूर

अवांतर होईल पण राहवत नाही. सेकी म्हणजे गिफू प्रांतातलं गाव, सातशे वर्षांहून जास्त काळ तलवारी बनवायचं. १८७६ मध्ये जपान सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी केली, गिऱ्हाईकच संपलं, मग पुष्कळ कारागीर सुऱ्या, चाकू, कात्र्यांकडे वळले. म्हणजे ताई, तुम्ही जी घेणार आहात तिच्या घराण्यात पूर्वी मुंडकी उडायची.

धुळेकर_भो

गिऱ्हाईकले सांगू नका भो ही गोट.

भुसावळ_जंक्शन

मी डावखुरी आहे त्यामुळे माझा प्रश्न वेगळाच असतो, पण कोणी डावखुरं वाचत असेल तर. मले तं बा या डाव्या हातापायी लय तरास झाला. सहा वर्षं उजव्या हाताची कैची डाव्या हातात उलटी धरून काम केलं, अंगठ्याने पातं आतल्या बाजूला दाबायची सवय लागली, नाहीतर केस दुमडायचा. मनगट गेलं त्यात. दुकानदार म्हणतात 'मॅडम ही दोन्ही हाताला चालते', ते खोटं, फक्त मुठीच्या कड्या सारख्या असतात. खरी डावखुरी कैची म्हणजे पात्यांची मांडणीच आरशातल्यासारखी उलटी. घेताना बघायचं, डाव्या हातात टोक वर करून धरली तर पुढचं पातं उजव्या हाताच्या कैचीच्या बरोब्बर उलट बाजूला दिसलं पाहिजे. ऑर्डर देऊन मागवावी लागते, थोडी महाग पडते, पण बदलल्यावर पहिले पंधरा दिवस वेड्यासारखं झालं आणि मग दुखणं थांबलं.

अमळनेरची_ताई

बापरे किती छान माहिती देताय सगळे. चाळीसगाव दादा, वाचून पोटात गोळा आला, मी पुढच्या आठवड्यात धारवाल्याला देणारच होते जुनी.

मी उजव्या हाताचीच. मास्तर, मुठीचं लिहिणार होतात.

मास्तर_जळगाव

हो. कालचा दिवस नुसता साखरपुड्याचा होता.

जुन्या कैचीला दोन्ही कड्या समोरासमोर असतात. त्यात अंगठा अनामिकेच्या खाली न्यायला हात आवळावा लागतो, दिवसभर तेच केलं की अंगठ्याच्या बुडाचे स्नायू ओरडतात. ऑफसेट मुठीत अंगठ्याची कडी आखूड आणि पुढे असते, अंगठा नैसर्गिक जागी राहतो. तिसरी क्रेन मूठ, तिची वरची दांडी खाली उतरती असते, कोपर वर उचलावं लागत नाही. बायकांच्या लांब केसांत खांद्याच्या वर काम असतं त्यांना क्रेन मानवते. तुम्ही ऑफसेटपासून सुरू करा. फिरत्या अंगठ्यावाली स्विव्हेल पण येते, दुखणं जास्त असेल तर चांगली, पण आठ-पंधरा दिवस हात चुकतो आणि ती पहिल्यांदा घेताना हातात घेऊनच घ्यावी.

आणि अंगठा कडीत पार आत घालता का? बहुतेक जण घालतात. नखाच्या मुळापर्यंतच घालायचा, बास. कडी मोठी पडत असेल तर रबराची रिंग घाला. हलतं ते एकच पातं, अंगठ्याचं, अनामिकेचं स्थिर राहिलं पाहिजे. ही सवय बदलली तर जुन्या कैचीनेही निम्मा ठणका जाईल, आज रात्रीच आरशासमोर करून बघा.

साइज म्हणाल तर कैची तळहातावर ठेवा, अंगठ्याच्या कडीचा घेर अंगठ्याच्या बुडाशी, पात्याचं टोक मधल्या बोटाच्या शेवटच्या पेराच्या आसपास आलं पाहिजे. लांबी मोजतात टोकापासून कडीच्या शेवटापर्यंत, करंगळीचा आधार सोडून. बऱ्याच बायकांच्या हाताला ५.५ बसते. पुरुषांचं कंगव्यावरचं काम जास्त असेल तर सहा-साडेसहा लागते, पण तुम्ही म्हणताय ते काम मशीनवर होतं, मग ५.५ च.

थिनिंगची कैची यात धरू नका. ती रोज दहा मिनिटं चालते, तिच्यावर पाच-सहा हजारांपेक्षा जास्त घालू नका. फक्त तीस-चाळीस दातांची घ्या, आणि एका चाव्यात किती टक्के केस काढते ते विचारून घ्या, पातळ केसाच्या बाईला चाळीस टक्केवाली लावली तर खड्डे पडतात.

सीए_नाही_पण_हिशेब_बघतो

एक हिशेबाची गोष्ट. परदेशातल्या साइटवर कैची स्वस्त दिसते, पण पोस्टात किंवा कुरिअरला कस्टम ड्युटी आणि वर जीएसटी लागतो, शेवटी इथल्या डीलरच्या जवळपासच जातं आणि खराब निघाली तर परत कुठं पाठवणार. इथून पक्कं बिल घेऊन घ्या. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे कैचीवर भरलेला जीएसटी तुम्ही नोंदणी केलेली असली तरी परत येत नाही. तो किमतीतच धरा. वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीचा प्रश्नच नाही.

दगडू_नंदुरबार

मास्तर म्हणतात नंदुरबारपर्यंत कोणी नाही, तर थोडं दुरुस्त करतो. मी धंदा म्हणून करत नाही, नोकरी वेगळी आहे, पण आठ वर्षांपासून छंद म्हणून सुऱ्या आणि न्हाव्याच्या कैच्या जपानी पाण्याच्या दगडांवर लावतो. भाऊजींचं सलून आहे, तिथून सुरुवात झाली. पहिल्या दोन बिघडवल्या, भाऊजी अजून ऐकवतात.

फुगीर धार कशी लागते ते सांगतो, म्हणजे कोणी 'हो लावतो' म्हणालं तर दोन प्रश्न विचारून त्याला ओळखता येईल. आधी स्क्रू काढून पाती वेगळी करतात, जो न खोलता धार लावतो त्याला देऊ नका. आतल्या पोकळ बाजूला एकदम सपाट दगड लागतो, तोही बारीक, आणि दोन-चारच हलके हात, कारण ती कडेची टेकणारी पट्टी जास्त रुंद झाली की कैची जड चालायला लागते आणि ते परत आणता येत नाही. बाहेरच्या बाजूला पातं दगडावरून नेताना मनगट हळूहळू फिरवायचं, पाठीपासून धारेकडे, म्हणजे वळण राहतं. हजार नंबरच्या दगडाने सुरू, मग तीन हजार, मग आठ हजार नंबर, आकडा मोठा तेवढा दगड बारीक. शेवटी चामडं. दगड सतत ओला, त्यामुळे पातं तापत नाही. मग जोडून स्क्रूचा ताण बसवायचा. एका कैचीला मला दीड तास लागतो. पाच मिनिटांत होतं असं कोणी म्हणालं तर चाळीसगाव दादांचा फोटो दाखवा.

तपासायचं कसं? कोरडा कागद कापू नका, कागदाने उलट धार मरते. टिश्यू पेपर ओला करून पिळून घ्या, दुपदरी धरा आणि हळू कापा, बुडापासून टोकापर्यंत. टोकाशी स्वच्छ कापला गेला तर ठीक, दुमडून आत ओढला गेला तर काम बाकी आहे.

ताण मात्र रोज बघायचा. अनामिकेच्या कडीला धरून कैची आडवी करा, अंगठ्याचं पातं काटकोनात उघडून सोडून द्या. आपोआप खाली येऊन अर्ध्याच्या थोडं पुढे थांबलं, साधारण दोन तृतीयांश मिटलं, तर बरोबर. खटकन पूर्ण मिटलं तर सैल, वरच अडकलं तर घट्ट. ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये केस दुमडतो लिहिलंय, मला वाटतं ती कैची बोथट असेलच पण सैलही असणार. पाव फेरा घट्ट करून बघा, फुकटात थोडे दिवस निघतील.

अमळनेरची_ताई

दगडू दादा!!! आत्ता दुकानात करून बघितलं. खटकन मिटली. स्क्रू थोडा आवळला आणि टोकाशी कापायला लागली, पहिल्यासारखी नाही पण चावत नाही. वर्षभर मी स्क्रूला हातच लावला नव्हता, मला वाटायचं तो कंपनीनेच हलवायचा असतो.

चाळीसगाव_सलून

माझा फोटो कशाला मध्ये 😄 पण दगडू भाऊ, तेलाचं पण सांगा. माझ्याकडचा पोरगा खोबरेल घालतो.

दगडू_नंदुरबार

खोबरेल नको. आपल्याकडे डिसेंबरात धुळ्याला पारा दहाच्या खाली जातो, खोबरेल तर चोवीसच्या खाली आलं की थिजायला लागतं, स्क्रूत मेणासारखं बसतं. जपानी लोक कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात, आपल्याला शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. दुकान बंद करताना मऊ कापडाने पुसायची, पाती उघडून सांध्यातला केसांचा बुक्का काढायचा, एक थेंब सोडायचा, उघडझाप करायची, जादाचं पुसून टाकायचं. एकच थेंब, जास्त घातलं की आपल्या धुळीत काळी पेस्ट होते. कलर, केराटिनच्या केमिकलवर वापरली तर लगेच धुवून कोरडी करा, स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं काही नाही. आणि पावसाळ्यात ती चामड्याच्या पाऊचमध्ये ओली ठेवू नका.

मास्तर_जळगाव

दगडू भाऊ, व्यनि (खासगी निरोप) केलाय. माझ्या तीन आहेत.

दगडू_नंदुरबार

मास्तर, एका वेळी एक. बायको आधीच म्हणते बाथरूममध्ये दगड भिजत असतात.

अमळनेरची_ताई
*(पाच महिन्यांनी)*

धागा वर आणतेय. राहिलेलं सांगायचं होतं.

घेतली! नाशिकला एका डीलरकडे जाऊन तासभर बसले, चार कैच्या हातात घेऊन नुसती उघडझाप करत, तो वैतागला असणार. शेवटी ५.५, ऑफसेट मूठ, मेड इन जपान, साधा सपाट स्क्रू. २१,८०० ला बसली. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, मास्तरांनी सांगितलेल्या तिघांतलीच एक, माझ्या हाताला ती बसली म्हणून तुमच्या बसेल असं नाही. एक क्रेन मूठवाली पण आवडली होती पण तिच्यात माझं कोपर कुठं ठेवू ते कळेना.

उरलेल्या पैशात सात हजाराची ४४०सी ची दुसरी घेतली, पुरुषांच्या कटला आणि शिकायला येणाऱ्या पोरीला तीच देते. जुनीला लाल टेप गुंडाळून ठेवलाय, ती धागे, फॉइल, पाकिटं फोडायला. घरातल्यांना सक्त ताकीद आहे, नवीनला हात लावायचा नाही. तरी सासूबाईंनी एकदा त्याच कैचीने दोरा कापून कोथिंबिरीची जुडी सोडलीच. मी काही बोलले नाही. रात्री ओल्या टिश्यूने तपासली, वाचली होती.

ठणक्याचं म्हणाल तर गेला असं खोटं सांगत नाही. अंगठा नखापर्यंतच घालायची सवय लावायला महिना गेला, त्याने बराच कमी झाला, पण पंधरा कटच्या दिवशी अजून दुखतंच. आता मध्ये दहा मिनिटं उठते आणि बुधवारी दुपारी अपॉइंटमेंटच घेत नाही.

आता टोकाशी किंचित अडखळायला लागलीय. ताण बघितला, बरोबर आहे. म्हणजे धारेचीच वेळ झाली ना दगडू दादा? कुरिअरला द्यायचा जीव होत नाहीये. माझा भाचा नंदुरबारला होस्टेलला असतो, रविवारी संध्याकाळच्या गाडीने अमळनेरहून निघतो. त्याच्या हाती पाठवू का? डबा पण देते, वहिनींसाठी भरीत आणि कळण्याच्या भाकरी.

धुळेकर_भो

भरीत आमनाकडे बी येऊ द्या, धुळं वाटमा शे.

केळीवाला_रावेर

अमळनेर ते नंदुरबार गाडीच्या वाटेत धुळं कुठून आलं भो?

दगडू_नंदुरबार

पाठवा ताई. पाच महिने रोजचं काम म्हणजे वेळ झालीच. भाच्याला सांगा खिशात नको, डब्यात. पाती मिटलेली, टोकाला रबरी टोपी, नसेल तर जाड कापड गुंडाळा. अन् देण्याआधी स्क्रू हलवू नका, आहे तशी द्या, मला तुमच्या हाताचा ताण बघायचाय.